वंदनापासून हातभर लांब

वंदना इंगळेशी बोलायला लागलं की माणूस उलटा चालायला लागायचा. ती बोलताना इतकी जवळ यायची की तिच्या नाकावरचा घाम दिसावा. समोरचा सभ्यपणे एक पाऊल मागे सरकला की वंदना एक पाऊल पुढे. तो आणखी मागे, ती आणखी पुढे. गेटपाशी सुरू झालेली गोष्ट पाण्याच्या टाकीपाशी संपायची, आणि पाठीला टाकीची भिंत लागल्यावरच लोकांना कळायचं की आपण केवढे मागे आलो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अनुभवाने शहाणे झाले होते. ती दिसली की ते आधीच भिंतीला टेकून उभे राहायचे आणि म्हणायचे, "हां, बोल बाई. आता मी कुठे जाणार?"

यात तिचा उद्धटपणा नव्हता आणि लाडीगोडीही नव्हती. साकीनाक्याच्या एका खोलीत ती भावंडांच्या गर्दीत वाढली आणि शाळेत असतानाच आमच्या वसाहतीत राहायला आली. कुणी तिला टोकलंच तर ती म्हणायची, "आमच्या घरात लांब उभं राहायचं म्हणजे शेजाऱ्यांच्या घरात उभं राहायचं. मला सवय नाय." आणि हे सांगतानाही ती अर्धं पाऊल पुढे आलेली असायची.

अंधेरी पूर्वेला, आमच्या वसाहतीच्या मधोमध सिमेंटचं बास्केटबॉलचं मैदान आहे. दोन रिंगांपैकी एकीला जाळी होती. दुसरीला मंडळाच्या बॅनरची दोरी कायमची बांधलेली, त्यामुळे आमचा सगळा खेळ अर्ध्या मैदानातच चालायचा. मी तिथली शूटर. लांबून उडी मारायची आणि हवेत असतानाच चेंडू रिंगमध्ये टाकायचा, त्याला जंप शॉट म्हणतात. तो मला बरा जमायचा. त्यासाठी फार काही लागत नाही, चेंडू कपाळाच्या वर नेऊन सोडेपर्यंत समोर हातभर मोकळी जागा असली की झालं. मात्र ती जागा मिळू न देणं हेच समोरच्या खेळाडूचं काम असतं. आणि हातभर जागा ही चीज वंदनाने जन्मात कुणाला दिली नव्हती.

ती पहिल्यांदा मैदानात आली तेव्हा तिला नियमही ठाऊक नव्हते. एक मुलगी कमी पडत होती म्हणून आम्ही तिला बोलावलं. ती सरळ येऊन माझ्यासमोर उभी राहिली. धक्का नाही, ओढाताण नाही, बोटही लावलं नाही. नुसती उभी. मी डावीकडे गेले की तीही डावीकडे. मी उजवीकडे वळले की ती तिथे आधीच हजर. शेवटी वैतागून मी चेंडू काखेत धरला.

"काय करतेयस तू?"

"उभी आहे."

"अगं, मग खेळ ना."

"हेच तर खेळतेय."

त्या संध्याकाळी माझा एकही शॉट पडला नाही. घरी जाऊन मी आईला सांगितलं की ती नवीन आलेली मुलगी काही बरी नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मीच तिच्या जिन्याखाली उभी राहून तिला हाका मारत होते. बाकीच्या मुलींसमोर शॉट मारण्यात आता मजा वाटेना.

मग माझं खरं शिक्षण सुरू झालं. चेंडू वर नेल्यासारखं करायचं, डोळेही रिंगकडे न्यायचे. समोरची भुलून उडी मारते, आणि ती खाली येत असताना आपण वर जायचं. वंदना या नाटकाला सुरुवातीला पुरेपूर फसली. मग एके दिवशी तिने उडीच मारली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग मी दुसरं नाटक काढलं. एक पाय जोरात पुढे टाकायचा, आता ही रिंगकडे धावणार असं भासवायचं, आणि समोरची मागे सरकली की तिथल्या तिथे शॉट. तेही तिने ओळखलं. मग धावता धावता एकदम थांबून बघितलं. मग मैत्रिणीला मध्ये उभं करून तिच्या आडून शॉट मारला. गणपतीत शोधलेली युक्ती नवरात्रापर्यंत शिळी व्हायची. "आज नवीन काय आणलंस?" असं ती मला भाजीवालीला विचारल्यासारखं विचारायची.

सगळ्यात मोठी युक्ती मला मैदानात नाही, पिठाच्या गिरणीसमोर सापडली. माझ्या हातात दळणाचा डबा, आणि वंदना मला तिच्या मावसबहिणीच्या लग्नातली मानापमानाची हकिगत सांगत होती. रिवाजाप्रमाणे मी मागे मागे चालले होते. मागे रिक्षा उभी होती, पुढे वंदना. मला उशीर होत होता. वैतागून मी एक पाऊल तिच्या अंगावर गेले आणि म्हणाले, "हो गं, पण पुढे काय झालं ते सांग." वंदनाच्या अंगावर आजवर कुणी गेलंच नव्हतं. ती चपापली आणि टाचांवर मागे झुकली. तेवढ्यात मी दोन्ही पायांनी उडी मारल्यासारखी मागे आले आणि थांबले. आमच्या दोघींच्या मध्ये चांगली हातभर जागा होती. तिला पुन्हा तोल सावरून पुढे यायला एक क्षण तरी लागला. मी डबा कपाळापर्यंत उचलला.

"काय झालं गं? डबा का उचलतेस?" तिने विचारलं.

"काही नाही. नंतर सांगते."

संध्याकाळी मैदानात मी चेंडू आपटत सरळ तिच्या अंगावर गेले. ती मागे झुकली. मी उडी घेऊन मागे आले आणि शॉट मारला. जाळी हलली. वंदना कमरेवर हात ठेवून उभी राहिली. हे कुठे शिकलीस म्हणून तिने मला पुनःपुन्हा विचारलं, आणि तुझ्याकडूनच शिकले असं मी खरं ते सांगितलं तरी तिचा विश्वास बसला नाही. जगातले मोठमोठे खेळाडू हेच करतात हे मला नंतर मोबाइलवर बघून कळलं. माझं पेटंट हुकलं, पण त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

अर्थात वंदनाने त्यावरही उपाय काढला. ती मागे झुकायचंच सोडून देऊन माझ्याबरोबर उडी घेऊ लागली, हात वर ठेवून. मग मी आणखी मागे. मग ती आणखी लांब झेप घेणार. असं करत करत काही वर्षांत माझा शॉट रिंगजवळून निघून पार स्कूटरच्या पार्किंगपर्यंत पोचला. आमची आई मालवणची. ती खिडकीतून ओरडायची, "गो पल्लवी, त्या रिंगेशी तुझा भांडाण झाला काय? इतक्या लांबसून कित्या मारतंस?" तिला काय सांगणार? माझं भांडण रिंगेशी नव्हतंच.

वंदनाचं एक वाक्य ठरलेलं होतं, "लांबून ना माया होते, ना डिफेन्स." ती ते कुठेही वापरायची. मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला नापास झाले तेव्हा सगळ्यांनी मोबाइलवर धीर दिला, रडणारे चेहरे आणि जोडलेले हात पाठवले. वंदना मात्र वर आली, माझ्या पलंगावर अगदी चिकटून बसली, आणि माझ्याच ताटातलं जेवून उठली. अभ्यासाबद्दल एक शब्द बोलली नाही. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मीही जेवले होते. असं माणूस शेजारी असणं किती मोठी गोष्ट आहे, हे मला तेव्हा लख्ख कळलं.

ती बी.ए. झाली त्या वर्षी तिच्या घरचं सगळंच हललं. तिचे वडील साकीनाक्याच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचे. मालकाने वर्कशॉप वसईला न्यायचं ठरवलं. वडिलांना रोजचं तेवढं जाणं-येणं झेपणारं नव्हतं, आणि थोरल्या भावाचा पगार सगळ्या घराला पुरणारा नव्हता. भावाने तिला स्पष्ट सांगितलं, दिवाळीपर्यंत बघ, नाहीतर मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात लाग. तो वाईट नव्हता, त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. दुकानात दिवसभर उभं राहायचं, सुट्टी मधल्याच एखाद्या वारी. म्हणजे मैदान बंद. त्याच सुमारास एका मोठ्या सरकारी कार्यालयाने आपल्या महिला संघासाठी चाचणी ठेवली. जिची निवड होईल तिला नोकरी. वंदना बातमी घेऊन धावत वर आली आणि मला दरवाजापासून मागे रेटत थेट स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"हे लागलं तर खेळ पण राहील आणि घर पण. नाय लागलं तर आहेच, ड्रेसच्या घड्या घालत बसायचं. तू पण चल."

"मला कुठे नोकरी हवीय? माझं शेवटचं वर्ष आहे."

"नोकरी नको घेऊस, नुसती चल. तू एकटी असलीस तरी रिंगवर बॉल टाकून दाखवशील. मी एकटी काय दाखवू? हवेला अडवू?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. शूटरची कला दिसते. अडवणारीची कला दिसायला समोर कुणीतरी अडणारं लागतं. आमचा बेत ठरला. मी जिवाच्या आकांताने शॉट मारायला बघायचं, तिने मला अडवायचं, आणि बघणाऱ्यांनी बघायचं.

चाचणी वांद्र्याच्या एका मैदानावर होती. निवड करायला पिंटो मॅडम आल्या होत्या. जुन्या खेळाडू, सडसडीत, गळ्यात शिट्टी आणि हातात चहाचा थर्मास. आम्ही रांगेत उभ्या राहिलो. एक गृहस्थ रंगीत बनियनं वाटत आले. एका संघाला पिवळी, दुसऱ्याला निळी. आता वंदना माझ्याशेजारी उभी होती, आणि वंदना शेजारी उभी असते म्हणजे जवळपास माझ्या खांद्यावरच असते. त्या गृहस्थांना वाटलं या जोडीने आलेल्या दिसतात. त्यांनी मोठ्या प्रेमाने दोघींच्या हातात पिवळी बनियनं ठेवली. मी बदलून मागायला तोंड उघडलं तोवर शिट्टी वाजली. आमचा सगळा बेत जागच्या जागी बारगळला. आम्ही एकाच संघात होतो.

पुढचा खेळ मी विसरणार नाही. वंदनाच्या वाट्याला निळ्या संघातली एक उंच मुलगी आली. वंदना तिला अशी चिकटली की ती मुलगी चेंडू हातात आला रे आला की घाबरून दुसरीकडे टाकायची. थोड्या वेळाने तिच्या मैत्रिणींनी तिला चेंडू देणंच बंद केलं. म्हणजे वंदना उत्तम खेळत होती, आणि ती जितकी उत्तम खेळत होती तितकं तिच्या बाजूला काहीच घडत नव्हतं. पिंटो मॅडमची नजर चेंडूबरोबर फिरत होती, आणि चेंडू वंदनाकडे फिरकत नव्हता. तो सारखा माझ्याकडे येत होता. माझे शॉट पडत होते. एरवी मी हवेत तरंगले असते, पण त्या दिवशी प्रत्येक शॉटला माझा जीव खाली खाली जात होता. ज्या मुलीला नोकरी हवी होती ती कुणाला दिसत नव्हती, आणि जिला नको होती तिच्यासाठी टाळ्या वाजत होत्या.

मध्ये पाणी प्यायला थांबलो तेव्हा वंदना मला म्हणाली, "काय मस्त खेळतेस आज, झकास." तिने ते अगदी मनापासून म्हटलं. मला तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात पिंटो मॅडमनी मला बोलावलं. त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "मला एक सांग. तुझ्यासमोरची मुलगी चांगली दोन हात लांब होती. तिथूनच शॉट मारायचा ना सरळ. तू आणखी मागे उडी का घेत होतीस? शेवटच्या शॉटला तर तुझ्यासमोर कुणी नव्हतंच."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. "सवय आहे मॅडम," मी म्हटलं.

"कसली सवय?"

"वंदनाची."

त्यांना काही कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. मैदान, पार्किंग, टाकी, आणि एवढ्या वर्षांत ज्या एका मुलीसमोर मला कधी सुखाने चेंडू वर नेता आला नाही ती मुलगी. "कुठे आहे ही?" मॅडमनी विचारलं. मी बोट दाखवलं. वंदना बनियनं वाटणाऱ्या त्या गृहस्थांशी बोलत होती. बिचारे मागे सरकत सरकत कुंपणाला टेकले होते. पिंटो मॅडम बघत राहिल्या. मग त्यांनी थर्मासचं झाकण लावलं आणि हाक मारली, "ए पिवळी, निळं घालून ये."

वंदना निळं बनियन घालून माझ्यासमोर आली आणि नाकाला नाक लागेल एवढ्या अंतरावरून म्हणाली, "हे बघ पल्ले, फुकटचं द्यायचं नाय. दिलंस तर आयुष्यात बोलणार नाय तुझ्याशी."

तिने सांगायची गरज नव्हती. मी मुद्दाम सोडलं असतं तर पिंटो मॅडमना कळलं असतं, आणि वंदनाला त्याच्याही आधी. तिची नोकरी माझ्या चांगल्या खेळण्यावर होती. मी तिच्या अंगावर गेले, मागे उडी घेतली आणि पहिलाच शॉट पडला. वंदना हसली. त्यानंतर मी पोतडीतलं सगळं काढलं. खोटी उडी, खोटा पाय, खोटा पास, एकदम थांबणं, खांद्याने चाहूल देऊन दुसरीकडे वळणं. प्रत्येक वेळी तिचा हात माझ्या डोळ्यांसमोर. एक शॉट तिच्या नखांना लागून फिरला. एक मी मारूच शकले नाही. शेवटी मी जिवाच्या आकांताने इतकी लांब मागे उडी घेतली की थेट सीमारेषेच्या बाहेर जाऊन उतरले. सगळं मैदान हसलं. मीही हसले, कारण मला इतकं सरळ हरल्याचा आनंद त्याआधी कधी झाला नव्हता.

"तुला कसं कळतं ही कुठे जाणार ते?" पिंटो मॅडमनी तिला विचारलं.

वंदना सांगायला पुढे सरसावली. मॅडम मागे सरकल्या नाहीत. त्या तशाच उभ्या राहिल्या आणि दोघी अगदी समोरासमोर बोलल्या. "हिचे डोळे नाटकी आहेत मॅडम. खांदे त्याहून नाटकी. पण पोटाला नाटक येत नाय. पोट जिकडे जाईल तिकडे पल्लवी जाते. मी पोटाकडे बघते."

दिवाळीच्या आधी तिला फोन आला. निवड झाली होती. माझी झाली नव्हती, त्यांच्याकडे शूटर पुष्कळ होत्या. खोटं कशाला सांगू, मला थोडा वेळ वाईट वाटलं. नको असलेली गोष्टसुद्धा कुणी नाकारली की टोचते. मग वंदना वर आली, मला मागे रेटत गॅलरीच्या कठड्यापर्यंत घेऊन गेली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, तेव्हा सगळं टोचणं पळालं. तिच्या वडिलांनी जिन्यात दिसेल त्याच्या हातात पेढा ठेवला.

एक गोष्ट मात्र आम्ही कुणी विचारलीच नव्हती. त्या कार्यालयाचा महिला संघ नागपूरला होता, त्यामुळे नोकरीही नागपूरलाच. तिच्या वडिलांना तर ते फारच आवडलं. त्यांचं गाव अकोल्याकडचं. "आपल्या गावाहून जवळच हाये, बाई," ते तिला म्हणत होते. आमच्यापासून किती लांब हाये, हे मी विचारलं नाही.

वंदना अजून तिथेच आहे. तिचा पगार घरी येतो, धाकट्या भावाचं शिक्षण त्यातून झालं. व्हिडिओ कॉल केला की मला तिचं कपाळ आणि एक डोळा दिसतो, कारण मोबाइलही ती हातभर लांब धरत नाही. त्यांच्या संघातल्या मुली हल्ली फार लांबून शॉट मारायला लागल्या आहेत असं ती मोठ्या नवलाने सांगते. मला त्यात काहीच नवल वाटत नाही.

पण मला सांगायचं आहे ते ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीचं. संध्याकाळी मी सवयीने मैदानात गेले. आमच्या शेजारच्या इमारतीत स्नेहल नावाची नवी सून आली होती, शाळेत थोडंफार खेळलेली. वंदनाच्या जागी तिला माझ्यासमोर उभं केलं. ती मोठ्या अदबीने माझ्यापासून दोन हात लांब उभी राहिली. मी चेंडू आपटत पुढे गेले, मागे उडी घेतली आणि वर पाहिलं. समोर मोकळं मैदान. ना हात, ना डोकं, ना नाकावरचा घाम. एवढी जागा मला तिथे कधीच मिळाली नव्हती. मी शॉट मारला. चेंडू रिंगच्या कितीतरी अलीकडे पडला आणि घरंगळत गेला. माझे डोळे भरून आले होते, मी तो आणायलाही गेले नाही.

स्नेहल बिचारी कावरीबावरी झाली. "सॉरी हां ताई," ती म्हणाली, "मी जास्त जवळ आले का?"

"नाही गं," मी म्हटलं. "जवळ ये." ती एक पाऊल पुढे आली.

"अजून," मी म्हटलं. "अजून जवळ ये."